मदत हवी आहे: २^१२७७ − १ चे अवयव माहीत नसताना तिच्याबद्दल काय काय सिद्ध करता येतं?

नमस्कार मंडळी,

२^१२७७ − १ ही ३८५ अंकी संख्या. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, पण माझ्या माहितीप्रमाणे तिचा एकही मूळ अवयव आजवर कोणाला सापडलेला नाही. शाळेत नववी-दहावीच्या मुलांचं गणित मंडळ चालवते, तिथे ही संख्या घ्यायची फार इच्छा आहे. काही ठिकाणी अडलेय.

संयुक्त कशावरून, हे मुलांना पटलंय. लुकास-लेमर कसोटीत ४ पासून सुरुवात करायची, दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि २^p − १ ने (आपल्या संख्येत p = १२७७)  भागून उरलेली बाकी पुढे न्यायची. p − २ पायऱ्यांनी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. p = ११ घेऊन २०४७ साठी आम्ही फळ्यावर केलं: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणजे संयुक्त. पण २०४७ = २३ × ८९ हे या आकड्यांत कुठेच दिसत नाही! २^६७ − १ चंही असंच झालं होतं. ती संयुक्त असल्याचं लुकासने १८७६ मध्ये अवयव न काढता दाखवलं, आणि १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ ही फोड कोल या गणितज्ञाने दिली ती थेट १९०३ मध्ये. आणि आपल्या संख्येच्या शेजारची २^१२७९ − १? ती १९५२ मध्येच मूळ ठरली.

आता अवयवांबद्दल. २^१२७७ − १ चा कुठलाही मूळ अवयव २५५४k + १ अशाच रूपाचा असतो, शिवाय त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. म्हणून k ला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ यायला हवी. k = ३ ला ७६६३ येते, ती ७९ × ९७. k = ४ ला १०२१७ = १७ × ६०१. k = ७ ला १७८७९ = १९ × ९४१. ८ ला येणाऱ्या संख्येला ३ ने भाग जातो, ११ च्या संख्येला ५ ने. k = १२ ला ३०६४९ ही पहिली मूळ संख्या मिळते, पण तिनेही भाग जात नाही.

यातून एक गोष्ट हाती लागली, ती मला फार आवडली. पूर्ण संख्येला ८ ने भागलं तर बाकी ७ उरते. म्हणजे तिच्या मूळ अवयवांपैकी ७ बाकीवाले (पुन्हा आलेले धरून) विषमच असणार. निदान एक तरी नक्की! अवयव दोनच असतील तर एक १ बाकीवाला आणि दुसरा ७ बाकीवाला.

माझे प्रश्न:

मूळ अवयव दोन की तीन की जास्त, हे फोड न करता ठरवायची काही वाट आहे का? निदान सम की विषम एवढं तरी?

एखाद्या मूळ संख्येच्या वर्गाने हिला भाग जात असेल, तर ती विफरिख मूळ संख्या असावी लागते (म्हणजे अशी मूळ संख्या q, की २^(q − १) − १ ला q च्या वर्गाने भाग जातो). तशा माहीत असलेल्या दोनच, १०९३ आणि ३५११, आणि दोन्ही २५५४k + १ च्या रूपात बसत नाहीत. मग या एका संख्येपुरतं तरी "वर्ग अवयव नाही" असं सिद्ध करता येईल का, की तिथेही फोडच हवी?

कसोटीच्या शेवटी उरलेल्या बाकीत (वरच्या उदाहरणात १७३६) अवयवांची काही खूण असते का? मुलांचा हा प्रश्न हमखास येतो आणि "नसते" असं नुसतं सांगून मला थांबायचं नाही, कारण द्यायचंय.

शेवटचं. २^१०६१ − १ ही ३२० अंकी संख्या २०१२ मध्ये फोडली गेली. आपली फक्त ६५ अंकांनी मोठी. चाळणी पद्धतीने (एवढ्या मोठ्या संख्या फोडायची पद्धत) काम साधारण किती पटींनी वाढतं, आणि घरच्या संगणकावर इलिप्टिक कर्व्हची पद्धत (मोठ्या संख्येचे त्यातल्या त्यात लहान अवयव शोधायची पद्धत) लावण्यात काही अर्थ आहे का? कोणी स्वतः चालवून पाहिली असेल तर जरूर लिहा. पायऱ्या मराठीत मिळाल्या तर मुलांना तशाच देता येतील.