स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगमधलं एम.एस्सी. पदवीनंतर लगेच करू नये, असं माझं मत

सूरपारंबी:
खेळाडूंच्या ताकदीचं, वेगाचं आणि दमाचं काम करायचं ठरवलेली बरीच मुलं हल्ली एकच वाट धरतात. पदवी संपली की लगेच स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगच्या एम.एस्सी.ला प्रवेश. या शिक्षणाला माझा विरोध नाही, मी स्वतः ते केलंय. विरोध आहे तो घाईला. आधी दोनेक सीझन एखाद्या अनुभवी कोचच्या हाताखाली काढावेत, खेळाडूंची कुरकुर ऐकावी आणि मग वर्गात जाऊन बसावं.

वर्गात पिरिअडायझेशन शिकवतात, म्हणजे वर्षभराच्या सरावाची टप्प्याटप्प्याने आखणी. सोव्हिएत संशोधक मातवेयेव्ह यांनी १९६० च्या दशकात ते मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर होते वर्षातल्या मोजक्या मोठ्या स्पर्धांसाठी तयारी करणारे खेळाडू. दर आठवड्याला सामना असलेल्या संघाला ते जसंच्या तसं चालत नाही, हेही वर्गात सांगतात. पण मंगळवारचा सराव लांबला, बुधवारी प्रवास, गुरुवारी मुख्य प्रशिक्षक म्हणतो "आज जिम नको, पोरं थकलीत". आता आठवड्यातलं कोणतं काम वाचवायचं आणि कोणतं सोडून द्यायचं? हा प्रश्न ज्याला कधी पडलाच नाही, तो लेक्चर नुसतं उतरवून घेतो.

दुसरं उदाहरण नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या एका व्यायामाचं. गुडघ्यांवर बसायचं, घोटे कुणीतरी धरायचे आणि धड सावकाश पुढे झुकू द्यायचं. ना मशीन, ना खर्च. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर याची चाचणी झाली आणि २०११ मध्ये निष्कर्ष आले: व्यायाम करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती, न करणाऱ्यांत ५२. यापेक्षा स्वच्छ पुरावा आमच्या क्षेत्रात क्वचित मिळतो. आणि तरीही २०१५ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या वरच्या लीगमधल्या संघांची पाहणी झाली, तेव्हा बहुसंख्य संघ तो कार्यक्रम नीट राबवतच नव्हते. त्या संघांत पदव्युत्तर शिकलेल्यांची वानवा असेल असं मला वाटत नाही. सुरुवातीचे काही दिवस मांड्यांचे मागचे स्नायू ठणकतात, खेळाडू तोंड वाकडं करतो, प्रशिक्षक म्हणतो सामना संपल्यावर बघू, आणि तो "संपल्यावर" कधी येतच नाही. ही गाठ सोडवायला कोणतंही सेमिस्टर शिकवत नाही.

रिकामा बार:
तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण "अनुभवी कोचच्या हाताखाली" या तीन शब्दांत सगळं गृहीत धरलंय. असा कोच मिळतो कुणाला? बहुतेक ठिकाणी हाताखाली म्हणजे प्लेटा जागेवर लावणं, बाटल्या भरणं, खेळाडूंची धावपळ मोजणारे जीपीएसचे बेल्ट चार्ज करून ठेवणं. आणि हे बहुधा बिनपगारी. दोन सीझन बिनपगारी राबायची ऐपत ज्याच्या घरी आहे तोच टिकतो. बाकीचे सहा महिन्यांत दुसरी नोकरी धरतात. विद्यापीठाला फी असते, कबूल, पण तिथे शिष्यवृत्ती असते, कर्ज मिळतं आणि शेवटी हातात कागद तरी येतो.

शिवाय चुकीच्या माणसाच्या हाताखाली शिकलात तर? जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातले १३ खेळाडू रुग्णालयात गेले. जवळपास तीन आठवड्यांच्या सुट्टीवरून परतल्यावर त्यांच्याकडून एकेकाच्या कमाल वजनाच्या निम्म्या वजनावर १०० स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका, काढून घेतले होते, तेही घड्याळ लावून. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले घटक रक्तात उतरले. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला, मूत्रपिंडावर बेततं. हा व्यायाम तिथे नवा नव्हता. आधीही करून घेतला होता आणि निभावलं होतं. "आम्ही असंच करत आलोय" याला अनुभव म्हणायचं का? त्या संघात दोन सीझन उमेदवारी करणारा पोरगा हेच शिकून पुढच्या संघात गेला असता.

जुनी शिट्टी:
मी खेळाचा कोच. ताकदवाला माणूस माझ्याकडे काम मागायला येतो तेव्हा मी त्याच्या पदव्या वाचत नाही. वॉर्मअप घ्यायला सांगतो. दहा मिनिटांत कळतं. पोरं त्याच्याकडे बघतात की घड्याळाकडे, एवढंच बघायचं.

आणि हा धंदा सुरू तरी कुणी केला? अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात १९६९ मध्ये बॉइड एप्ली म्हणून एक पोल व्हॉल्टवाला. पाठ दुखावली म्हणून वेट रूममध्ये पडून असायचा. इतर जखमी खेळाडू त्याचं बघून व्यायाम करायला लागले आणि परत मैदानात उतरले ते तगडे होऊन. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लोकांनी हे पाहिलं आणि त्याला कामावर घेतलं. तेव्हा कुठलं आलं होतं या विषयाचं एम.एस्सी.?

रिकामा बार:
नव्हतं, म्हणूनच त्याच एप्लींनी १९७८ मध्ये पुढाकार घेऊन या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना उभी केली. नुसत्या बघण्यावर भागत नाही हे त्यांनाच आधी कळलं.

फिजिओ ताई:
जुनी शिट्टी, पोरं कुणाकडे बघतात हे महत्त्वाचं आहेच. पण कोच पोरांकडे काय बघतो, तेही बघा. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल खेळणारा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर ११० यार्डांच्या धावा पुन्हा पुन्हा काढताना उष्माघाताने कोसळला. दोन आठवड्यांनी गेला. अशा वेळी आधी थंड पाण्यात बुडवून शरीर गार करायचं, मग रुग्णालयात हलवायचं, हा क्रम आहे. त्याला थंड पाण्यात ठेवलंच नव्हतं. थकलेला, कामचुकार आणि मरणाच्या दारात असलेला, तिघेही लांबून पाय ओढतच धावतात. फरक ओळखायला शरीरशास्त्र पक्कं लागतं. ते पाठीमागे उभं राहून येत नाही, बसून शिकावं लागतं.

सूरपारंबी:
ताई, उदाहरण योग्य आहे, निष्कर्ष नाही. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तरावर स्ट्रेंथ कोचला प्रमाणपत्राची सक्ती या घटनेच्या आधीपासून होती. उष्माघात म्हणजे काय हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. तिथे कमी पडली ती सराव थांबवायची ताकद. मुख्य प्रशिक्षक बाजूला उभा असताना "हा खेळाडू आता धावणार नाही" म्हणायला अंगात बळ लागतं, आणि ते म्हटल्यावर नोकरी टिकेल अशी व्यवस्था लागते.

परीक्षांचंही बोलू या. सगळ्यात प्रसिद्ध प्रमाणपत्र सीएससीएस, एप्लींच्या त्याच अमेरिकन संघटनेचं, १९८५ पासूनचं. संगणकासमोर बसून पर्याय निवडायचे. तंत्र ओळखण्यासाठी व्हिडिओ आणि चित्रांवर प्रश्न असतात, पण एकाही हाडामांसाच्या माणसाला काही शिकवून दाखवावं लागत नाही. ब्रिटनमधली स्ट्रेंथ कोचची संघटना, यूकेएससीए, हिची पद्धत वेगळी. लेखी परीक्षा आहेच, शिवाय परीक्षकासमोर वेटलिफ्टिंगची तंत्रं शिकवून दाखवायची, उड्या आणि दिशाबदलाचं सत्र घ्यायचं आणि स्वतःच्या एका खेळाडूची केस मांडून तिच्यावरच्या उलटतपासणीला तोंड द्यायचं. या दुसऱ्या परीक्षेला जो माणूस नुकताच वर्गातून उठून येतो त्याची बोलती कशी बंद होते ते मी पाहिलंय. सगळं माहीत असतं. एका वाक्यात सांगता येत नाही. बार उचलणाऱ्या मुलीला ते एकावेळी नऊ सूचना देतात.

फिजिओ ताई:
म्हणजे परीक्षा अर्ध्या कच्च्या आहेत म्हणून अभ्यास पुढे ढकलायचा? आमच्याकडे फिजिओथेरपीत अभ्यास आणि रुग्ण एकत्रच सुरू होतात, वरिष्ठांच्या नजरेखाली. तुमच्या लोकांनी तसा अभ्यासक्रम मागावा. "आधी मैदान" की "आधी वर्ग" हे भांडणच मला समजत नाही.

सूरपारंबी:
तसा मिळाला तर माझी अट मागे. अमेरिकेत ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून साधारण तशी सोय आहे: विद्यापीठाच्या संघाबरोबर काम करायचं, बदल्यात फी माफ आणि थोडं विद्यावेतन. पण त्या जागा मोजक्या. आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवून घेतात, तो भाग वेगळा.

आकडेमोड:
सगळे शरीरशास्त्रावर बोलताहेत. एम.एस्सी.तला जो विषय मुलांना सगळ्यात नकोसा असतो, म्हणजे संशोधनपद्धती, त्याची बाजू कुणीच घेत नाही, म्हणून मी घेतो.

जीपीएस वापरणाऱ्या संघांत एक गुणोत्तर फार लोकप्रिय झालं. या आठवड्याचा सरावाचा भार भागिले हा आठवडा धरून मागच्या चार आठवड्यांची सरासरी. टिम गॅबेट यांच्या २०१६ च्या लेखानंतर ते सगळीकडे पसरलं. ०.८ ते १.३ म्हणजे सुरक्षित, १.५ च्या पुढे धोका. सॉफ्टवेअरमध्ये रंग आले, हिरवा आणि लाल. लाल दिसला की खेळाडू बाहेर. मुख्य प्रशिक्षकांनाही आवडलं, कारण कुणाशी वाद घालावा लागत नाही.

पुढे फ्रँको इम्पेलिझेरी आणि त्यांच्यासारख्या काही संशोधकांनी ते सोलून काढलं. चालू आठवडा अंशातही आहे आणि छेदातल्या सरासरीतही, म्हणजे दोन्ही आकडे मुळातच एकमेकांत गुंतलेले. जुना भार कमी असेल तर साध्या वाढीनेही गुणोत्तर उसळतं. आणि भार वाढण्यापाठोपाठ दुखापत दिसली म्हणून भार कमी केल्याने ती टळली असती, हे त्यातून सिद्ध होत नाही. जिममध्ये वीस वर्षं उभं राहून हे कुणाला दिसलं असतं का? मला नाही वाटत. छेदात काय बसलंय हे विचारायची सवय लागते ती कुणीतरी तुमच्या प्रबंधावर लाल शाई ओतल्यावर.

रोजच्या कामातलं सांगतो. सकाळी फोर्स प्लेटवर, म्हणजे पायांचा जोर मोजणाऱ्या पाटावर, उडी मोजली, खेळाडूची उडी १ सेंमीने कमी भरली. थकलाय? त्याच माणसाची उडी काही न करता दिवसागणिक तेवढी इकडेतिकडे होतेच. आधी मापनातली चूक किती ते काढा, मग फरकाचं बोला. उलटंही घडतं: उंची तेवढीच भरते, पण तेवढी उडी मारायला खाली बसून वर यायला जास्त वेळ घेतलेला असतो. थकवा तिथे लपतो. नुसती उंची टिपणारा म्हणेल सगळं ठीक आहे.

हेही खरं की ते गुणोत्तर वेदवाक्य म्हणून शिकवणारे प्राध्यापकही होतेच.

जुनी शिट्टी:
आकडेमोड, तुमचं गुणोत्तर यायच्या आधीपासून मी सांगतोय, सुट्टीवरून आलेल्या पोराला एकदम पळवू नका.

आकडेमोड:
"एकदम" म्हणजे किती, ते तुम्ही चेहरा बघून ठरवता. तुम्ही निवृत्त झाल्यावर संघाने कुणाचा चेहरा बघायचा?

जुनी शिट्टी:
पोराचा. माझा नाही.

रिकामा बार:
हे मात्र बरोबर बोललात. पण शिट्टीसाहेब, तुमच्यासारख्यांच्या हातात निवड असते म्हणून तुम्हाला कागद लागत नाही. मोठ्या संस्थांच्या जाहिराती वाचा. पदव्युत्तर पदवी "असल्यास प्राधान्य", आणि अर्ज ढिगाने आले की प्राधान्याचीच चाळणी होते. तुमच्या दहा मिनिटांच्या वॉर्मअपपर्यंत पोचायलाच तो कागद लागतो. ही व्यवस्था मलाही पटत नाही. पण दार बंद आहे हे माहीत असताना पोरांना किल्ली नंतर घे म्हणून सांगणं मला जमणार नाही.

नवशिक्या:
मी वाचत होतो, आता विचारतो. पदवीचं शेवटचं वर्ष आहे. एका ऑनलाइन एम.एस्सी.त प्रवेश मिळतोय. माझ्याकडे ना संघ, ना खेळाडू. घेऊ की थांबू?

सूरपारंबी:
नाव बघू नका, विद्यापीठाला दोनच गोष्टी विचारा. तुम्ही सत्र घेत असताना तुम्हाला पाहणारा माणूस कोण आणि किती वेळा पाहणार? आणि प्रबंधासाठी आकडे कुठून आणायचे? बहुतेक प्रबंध वर्गमित्रांच्या उड्या मोजून होतात. सहा आठवडे, बारा जण, त्यातले तीन गळतात. असला प्रबंध लिहून संशोधन शिकता येतं, खेळाडू नाही. रोज समोर असलेल्या संघाचे आकडे हातात असले तर तीच मेहनत दुप्पट कामाला येते. म्हणून म्हणते, थांबा.

रिकामा बार:
आणि मी म्हणतो घ्या, पण शाळेच्या वयाच्या मुलांचा एखादा संघ धरा. तिथे मदतीला कुणी नाही म्हणत नाही. फक्त झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात जरा जपून. एकाच वर्गातली दोन मुलं शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. हे आधी वाचून जा आणि मग बार हातात द्या. बघा, इथेही वाचन आधीच आलं!

जुनी शिट्टी:
वाच, पण शिट्टी वाजवायला शीक.

नवशिक्या:
विद्यापीठाला विचारलं. उत्तर आलं. सत्राचा व्हिडिओ स्वतः काढून पाठवायचा, त्यावर लेखी अभिप्राय मिळेल. खेळाडू आपले आपण शोधायचे, त्याशिवाय दुसऱ्या सेमिस्टरचा प्रकल्प पूर्ण होत नाही.

सूरपारंबी:
बघा. मी काय म्हणत होते?

रिकामा बार:
काय बघा? खेळाडू शोधल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत, म्हणजे तुमचं मैदान त्यांनी अभ्यासक्रमातच घातलंय की!

फिजिओ ताई:
व्हिडिओ पाठवला तो खेळाडूची पाठ वाकून झाल्यावर. त्या क्षणी शेजारी कोण उभं होतं, ते विचार आधी.