कंपनीची 'तळी उचलणे' म्हणायचं की निष्ठा? नेमका शब्द कोणता

मंडळी, एक शब्द अडला आहे. आमच्या नागपूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर मी परवा एवढंच लिहिलं की माझ्या गाडीचा एसी वर्धा रोडच्या सिग्नलवर गारच करत नाही, दोनदा दाखवून झालं, तर त्याच कंपनीची गाडी असलेले दहा जण अंगावर आले, तुलेच वापरता येत नाही, उन्हात काऊन उभी करतो, हा दुसऱ्या कंपनीचा माणूस दिसून राहिला. अरे बाप्पा, पैसे तर मीच मोजले ना! बायको म्हणाली, हे लोक कंपनीची तळी उचलून राहिले. मला 'निष्ठा' सुचत होतं पण ते काही बसेना.

प्रतिसाद :
दादा, वहिनींचा शब्द एकदम बरोबर. तळी मूळची खंडोबाची. ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी, पानं ठेवतात आणि पाच-सात जण मिळून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत ती उचलतात, त्यावरून एखाद्याची बाजू उचलून धरणे. म्हणजे तळीला चार हात लागतात आणि एक आवाज लागतो, तुमच्या ग्रुपवर तेच झालं. 'कैवार घेणे' इथे नको, कैवार दुबळ्याचा घेतात, एवढ्या मोठ्या कंपनीला त्याची काय गरज? आणि निष्ठा म्हणाल तर आमचे मामा, तिसरी गाडी त्याच कंपनीची घेतली पण काही बिघडलं की शोरूममध्ये जाऊन सगळ्यात जोरात तेच भांडतात. त्याला मी निष्ठा म्हणेन.

प्रतिसाद :
मी 'दुरभिमान' म्हणेन. (दुराभिमान नाही हं, दुर् अधिक अभिमान. दुराग्रहात 'आ' येतो कारण मूळ शब्दच आग्रह आहे.) अभिमानाला कारण असतं. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या धडकवून त्या किती सुरक्षित ते तपासणारी संस्था) चाचणीत टाटाच्या नेक्सॉनला ५ पैकी ५ तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, छाती फुगली तर गैर काय. पण तेव्हापासून मारुती दिसली की 'पत्रा', 'डबा' सुरू. त्याच मारुतीच्या एस-प्रेसोला २०२० मध्ये शून्य तारे होते हे खरं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला ५ मिळाले हेही खरं. तारे त्या मॉडेलचे असतात, बोनेटवरच्या चिन्हाचे नसतात. समोरून धडकेची ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते, आपण समृद्धीवर १२० नं जातो, तर घरच्या लोकांना बसवताना हे भांडण सोडून नीट माहिती वाचा ना भाऊ, मला खरंच काळजी वाटते.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचे आभार. मला वाटतं दोन्ही शब्द लागतील, दुरभिमान आत असतो आणि तळी उचलणं बाहेर दिसतं. 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' आहेच. पण अजून एक अडलं. त्या दहातल्या एकाचा काल रात्री फोन आला, म्हणे भाऊ, माझ्याही गाडीचा एसी असाच करून राहिला, तू कुठे दाखवला, फक्त ग्रुपवर माझं नाव नको टाकू. मला राग नाही आला, वाईट वाटलं. याला काय शब्द आहे?