'निष्क्रिय' एक्स की 'मिटलेलं' एक्स?

गुहागरकरीण: बारावीच्या मुलांसाठी नोट्स मराठीत करतेय. सस्तन मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं, त्यातलं एक गर्भ अगदी लहान असतानाच बंद होतं, मेरी लायन बाईंनी १९६१ साली मांडलं ते. मी 'निष्क्रिय एक्स' लिहिलं तर आमचे एक जुने सर म्हणाले, निष्क्रिय म्हणजे काहीच न करणारं, आणि माणसात त्यातली साधारण १५ टक्के जनुकं थोडीफार चालूच असतात, मग निष्क्रिय कसलं? काय लिहू?

कुडाळचो बाबू: 'मिटलेलं' लिहा, लाजाळूसारखं. ते खरंच आकसून गोळा होतं. बार आणि बर्ट्राम या संशोधकांना १९४९ मध्ये मांजरीच्या चेतापेशीत तोच गोळा ठिपक्यासारखा दिसला, बोक्याच्या पेशीत दिसेना.

दापोलीचा शास्त्री: लाजाळू जरा वेळाने उघडते हो! हे एकदा मिटलं की त्या पेशीपासून होणाऱ्या सगळ्या पेशींत तेच मिटलेलं राहतं, बीजांडाच्या पेशी तेवढ्या सोडा. 'निष्क्रियीकृत' म्हणा. कोणीतरी ते बंद केलंय हे कळायला हवं.

कुडाळचो बाबू: निष्क्रियीकृत म्हणताना आमच्या आजोबांची कवळी पडेल. आणि केलंय कोणी? एक्झिस्ट नावाच्या जनुकाने, ते पण त्याच एक्सवरचं! त्याच्यापासून प्रोटीन बनतच नाही, नुसता आरएनए बनतो आणि तोच अख्ख्या गुणसूत्रावर पसरतो. मग स्वतःच मिटलं म्हणायला काय हरकत?

दापोलीचा शास्त्री: मुळात 'गुणसूत्र' हाच शब्द ढोबळ. रंग दिला की उठून दिसतं म्हणून 'रंगसूत्र', मूळ ग्रीक शब्दातही रंगच आहे.

हर्णैवाली: रंगावरून आठवलं, आमच्याकडे काळी-पिवळी-पांढरी 'कबरी' मांजर होती, आजी म्हणायची कबरी म्हणजे मांजरीणच, बोका नसतो. ते ह्याच्यामुळेच ना?

गुहागरकरीण: हो, पिवळ्याचं जनुक एक्सवर असतं. ज्या पेशीत कुठलं एक्स बंद पडलं त्यावर त्या जागी काळं की पिवळं ते ठरतं. पांढऱ्याचं जनुक वेगळं.

कुडाळचो बाबू: आजीक सांगा, आमच्या बंदरावर कबरो बोको होतो, मासळीच्या टोपलीत झोपायचा.

गुहागरकरीण: असू शकतो, बोक्याच्या नेहमीच्या एक एक्स-एक वायऐवजी दोन एक्स आणि एक वाय असलेला. पण तसे बोके फार क्वचित, आणि बहुतेक वांझ.

हर्णैवाली: 'वांझ' बोक्याला म्हणतात का? आणि कबरी हा शब्द 'कबर'वरून का हो?

दापोलीचा शास्त्री: छे! संस्कृत 'कर्बुर', म्हणजे चित्रविचित्र रंगाचा. कबर अरबी.

कुडाळचो बाबू: शास्त्रीबुवा, आमच्याकडे ठिपक्याठिपक्यांच्या कोंबड्याक पण कबरोच म्हणतत, त्याचं एक्स कुठलं? पक्ष्यात तर मादीकडेच दोन वेगळी गुणसूत्रं असतात.

दापोलीचा शास्त्री: कोंबडा नका आणू मध्ये.

हर्णैवाली: आणा आणा, आणि त्या बोक्याचा फोटो असेल तर तो पण टाका.