मदत हवी आहे: अविवा स्टेडियमचं लाटेसारखं छप्पर

डब्लिनला राहतो. लेकीला शाळेसाठी रग्बी-फुटबॉलच्या अविवा स्टेडियमची प्रतिकृती करायची आहे. जुनं लॅन्सडाउन रोड स्टेडियम पाडून त्याच जागी मे २०१० मध्ये उघडलं ते. थर्माकोलचे स्टँड झाले. तीन बाजू उंच, उत्तरेची मात्र मागच्या घरांचा उजेड अडू नये म्हणून बुटकी (पठ्ठीला हेच सगळ्यात आवडलंय). गाडी अडलीय पारदर्शक, वळणदार छपरावर. ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक प्लास्टिक शीट) एकाच दिशेने वाकते, हेअर ड्रायर लावला तर सुरकुतली. तारेवर क्लिंग फिल्म (अन्न झाकायची पातळ प्लास्टिक) ताणली, तर मध्ये झोळ पडतो. लेक नऊ वर्षांची, त्यामुळे हीट गन आणि उग्र वासाचा गोंद नको. लांबी अडीच फूट, हातात एकच शनिवार-रविवार. असं छप्पर घरच्या घरी कशाचं आणि कसं करता येईल?