गिनी गुणांक तोच, मग विषमता वाढली असं कसं?

मृण्मयी: समाजशास्त्रात एम. ए. करतेय. निबंधासाठी वाचताना एका जागी अडकले. एका अहवालात गिनी गुणांक (उत्पन्न किती असमान वाटलंय ते सांगणारा आकडा; ० म्हणजे सगळ्यांना सारखं, १ म्हणजे सगळं एकालाच) जवळपास स्थिर आहे, दुसऱ्यात सर्वांत वरच्या १ टक्क्याचा वाटा वाढलाय. देश तोच, वर्षंही तीच. दोन्ही खरं असू शकतं का?
शिवाय वर्गात कुणी तरी विचारलं, उपाशी कोणीच नसेल तर दरीची काळजी कशाला? मला ती काळजी मनापासून वाटते, पण का, ते मांडता येईना.

सुमेध: असू शकतं. समजा, एका समाजात निम्म्यांना काहीच उत्पन्न नाही आणि उरलेल्या निम्म्यांना अगदी सारखं आहे. दुसऱ्या समाजात एकच माणूस अर्धं उत्पन्न घेतो, बाकीचं सगळे समान वाटून घेतात. गिनी दोन्हीकडे ०.५ च्या आसपास येतो, पण वरच्या टोकाचा वाटा पार वेगळा! कुठलाही निर्देशांक घेतला की तळाच्या माणसाला किती वजन द्यायचं हे त्यात आधीच ठरलेलं असतं. अर्थतज्ज्ञ अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी १९७० मध्ये हे स्पष्ट करून दाखवलं. सोबत पाल्मा गुणोत्तर बघा: वरच्या १० टक्क्यांच्या वाट्याला खालच्या ४० टक्क्यांच्या वाट्याने भागायचं.

आसावरी: गणित सुमेध यांनी सांगितलं, आकडे येतात कुठून ते मी सांगते. मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन पाहणीच्या प्रश्नावल्या भरल्या आहेत. साध्या घरात बसायला सांगतात. मोठ्या घरातून बहुतेकदा नकार येतो, नाही तर उत्पन्नाचा प्रश्न आला की उत्तर मोघम होतं. त्यामुळे वरचं टोक पाहणीत नीट येतच नाही. पिकेटी आणि साएझ हे विषमतेचे अभ्यासक अर्थतज्ज्ञ प्राप्तिकराच्या नोंदींकडे वळले त्यामागे हे मोठं कारण. तुमचा पहिला अहवाल पाहणीवर आणि दुसरा करनोंदींवर बेतलेला आहे का, ते आधी तपासा.

पण माझा जीव अडकतो तो वेगळ्याच रकान्यात. उत्पन्न लिहायचं ते कुटुंबाचं. ते माणशी भागलं की नवरा, बायको, आजी, मुलगी सगळे सारखेच गरीब किंवा सारखेच सुखवस्तू ठरतात. उत्तरं देणार कुटुंबप्रमुख. शेजारी बसलेल्या बाईच्या हातात स्वतःचे किती पैसे असतात, डॉक्टरकडे जायला तिला कुणाला विचारावं लागतं का, यासाठी कागदावर जागाच नसते. ती बोलायला तोंड उघडते आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तसंच शिकवलेलं असतं. हडाड आणि कनबूर या अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये फिलिपिन्समधली आहाराची व्यक्तीनिहाय माहिती तपासली. घराच्या आतली तफावत वगळली की एकूण विषमता बरीच कमी भासते, असं त्यांना आढळलं.

निरंजन: मृण्मयीचा दुसरा प्रश्न राहिलाच. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास वाचा. तो १९६७ मध्ये सुरू झाला आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक मायकेल मार्मट यांच्यामुळे जगभर पोचला. त्यात उपाशी किंवा बेकार कोणीच नव्हतं. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरतोच. आणि वरून दुसऱ्या पायरीवरचे, चांगल्या पगाराचे लोकही पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा लवकर मरत होते. म्हणजे हे एकट्या गरिबीचं दुखणं नाही.

मृण्मयी: वर्गात आता हेच सांगेन. आसावरीताई, घराच्या आतलं मग मोजायचं कसं?

आसावरी: घरातल्या प्रत्येक प्रौढाला वेगळं बसवून विचारायचं. वेळ आणि खर्च वाढतो म्हणून बऱ्याच पाहण्या ते टाळतात. तोवर वेळ-वापराच्या पाहण्या वापरा. त्यात घरकामाचे, झोपेचे, कमाईचे तास माणसागणिक नोंदलेले असतात.