मदत हवी आहे: १९९१ ची टाटा मोबाईल २०६ पिकअप घरीच परत उभी करायची आहे

नमस्कार मंडळी,

इथे वाचते बरीच वर्षं, लिहितेय पहिल्यांदाच. प्रश्न एकात एक अडकलेले आहेत म्हणून जरा लांबड लागेल, पण पूर्ण वाचून मगच सल्ला द्या ही विनंती.

आमच्याकडे टाटा मोबाईल २०६ आहे, १९९१ चं मॉडेल, १९४८ सीसी डिझेल, पाच गिअर. आता मोबाईल म्हटलं की फोन, पण तेव्हा आमच्याकडे "मोबाईल आली का" म्हणजे ही गाडी आली का. आमचं गाव ओतूरच्या अलीकडे. अण्णांनी (वडील) बँकेचं कर्ज काढून नवी कोरी घेतली होती आणि पुढे वीस वर्षं टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, जे शेतात निघेल ते हिच्यातच. नारायणगावचा बाजार तर रोजचाच, पण तिथे भाव पडला की २० किलोचे ५० कॅरेट भरायचे, वर ताडपत्री, आणि रात्री माळशेज उतरून कल्याणला. मोठ्या बहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड हिच्यात गेलं, आजीला शेवटचं दवाखान्यात नेलं ते पण हिच्यातच. २०१२ ला अण्णांचे गुडघे गेले, क्लच दाबवेना, गाडी चिंचेखाली लावली ती लावलीच. भंगारवाला तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा अण्णा काही न बोलता उठून आत गेले. म्हणून मी ठरवलं की ही उभी करायची. मी पुण्यात नोकरीला आहे, शनिवार-रविवार गावी येते, तेवढाच वेळ. चुलत भावाचं ग्रील वेल्डिंगचं दुकान आहे तो हाताशी असतो. मला चकचकीत शोपीस नकोय, दसऱ्याला हार घालून अण्णांना शेजारी बसवून मळ्यापर्यंत जाऊन यायचंय एवढंच.

आतापर्यंत काय झालंय ते सांगते.

इंजिन जाम होतं. स्टार्टर लावलाच नाही. चारी हिटर प्लग (थंड इंजिन पेटायला आत गरम करणारे) काढले, भोकातून थोडं थोडं डिझेल आणि गिअर ऑइल अर्धं-अर्धं मिसळून सोडलं आणि क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून रोज संध्याकाळी कणभर पुढे, कणभर मागे. मी नसताना हे काम अण्णा भावाकडून करून घ्यायचे, खुर्ची टाकून समोर बसायचे आणि जोर लावला की ओरडायचे. आठव्या दिवशी पूर्ण फेरा फिरला. मग प्लगची भोकं उघडीच ठेवून फिरवून फिरवून आतलं सगळं तेल बाहेर काढलं, चेंबरचं ऑइल बदललं, दोन्ही फिल्टर बदलले. डिझेलची टाकी उतरवली तर आत डांबर झालेलं, खडी आणि डिझेल घालून दोघांनी हलवून हलवून धुतली. डिझेलचा पंप पुण्यात पंपवाल्याकडे दिला, सील बदलून सेटिंग करून १४,००० झाले. नोझल (इंजिनात डिझेल फवारतात ते) मात्र जवळच्याच एका गॅरेजवाल्याने "मी साफ करून देतो" म्हणून नेले आणि परत आले तेव्हा त्यातला एक दिसायलाच वेगळा होता, विचारलं तर म्हणे तुमचाच आहे. त्याच्याशी भांडण्यात दोन शनिवार गेले, हाती काही लागलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हाताने डिझेल ओढून, एअर काढून सेल मारला आणि चौथ्या सेलला चालू झाली!! अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नुसते बघत बसले.

आता खरा प्रॉब्लेम. सकाळी चालू केली की पांढरा धूर एवढा की अंगण दिसेनासं होतं, डोळे चुरचुरतात, गाडी थडाथडा हलते. दहा-बारा मिनिटांनी धूर कमी होतो पण पूर्ण जात नाही आणि स्लोला (रेस न देता) हलणं तर राहतंच. रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ झालेलं नाही. एक मेस्त्री बघून गेला, म्हणाला इंजिन खोलावंच लागेल, रिंगा-स्लिव्ह सगळं, ४५,००० धरून चला. दुसरा म्हणाला हे फेकून द्या, टाटाच्याच २०७ डीआय पिकअपचं २९५६ सीसीचं टाका. ते मला करायचं नाहीये. इंजिन बदललं की आरसीवर नोंद आली, माउंटिंगपासून सगळं बदलणं आलं आणि मग ती अण्णांची गाडी कुठे राहिली. अण्णा ओसरीवरून एकच सांगतात, "चौथा मारत नाही." म्हणजे चौथा सिलिंडर पेटत नाही, हे नुसतं कानाने. आता ते ७६ वर्षांचे, ऐकायला जरा कमी येतं, त्यामुळे मी काही बोलले नाही.

बॉडीचं म्हणाल तर हौदा (मागचा माल भरायचा भाग) आम्ही बोल्ट सोडवून आठ जणांनी उचलून बाजूला ठेवलाय, खालची चासी वरवर बरी दिसते, भाऊ म्हणतो हातोडी मारून बघू. फाळक्याची (हौद्याच्या मागच्या झडपेची) खालची घडी पूर्ण कुजलीये. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक, शेजारच्या बाजूला पत्रा पापडासारखा. एकाने सांगितलं वरून पत्रा ठेवून रिपिट (रिव्हेट) मारा, फायबर लावा, लांबी (पुट्टी) भरा, काही होत नाही. भावाकडे साधं आर्क वेल्डिंग आहे, तो म्हणतो जमेल. मला भीती वाटते.

ब्रेक नाहीतच, पेडल सरळ खाली जातं. वायरिंग उंदरांनी खाल्लंय, ते मी स्वतः नवीन ओढतेय, ते जमतंय.

कागद: आरसी आहे, मालवाहतूक म्हणून पासिंग, फिटनेस २०१२ ला संपलं. उशिराचे दिवसाला ५० रुपये असा नियम वाचला, तो धरला तर आकडा दोन लाखांवर जातो, त्या रात्री झोप आली नाही. कपाटात नॉन-यूजच्या (गाडी वापरात नाही असं आरटीओला कळवायच्या) अर्जाची पोच सापडलीये, पण एकाच वर्षाची.

बजेट अजून ६०-७० हजार. तर आधी इंजिन खोलू की नको, केबिन घरी उचलायची का, आणि आर्कने पत्रा लावावा का? कृपया "विकून टाका" सांगू नका, ते करायचं नाहीये.

पानामास्तर

ताई, इंजिन अजिबात खोलू नका. पाणी कमी होत नाही, ऑइल साफ आहे, गरम झाल्यावर धूर कमी होतोय, म्हणजे हा न जळलेल्या डिझेलचा धूर आहे, पाण्याचा नाही. डोळे चुरचुरतात ते त्याचमुळे. या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं, तिथे गारठ्याला हिटर प्लग लागतोच. चारही प्लग काढा, पकडीत धरून बॉडी निगेटिव्हला, वायर लागते त्या टोकाला बॅटरीचा पॉझिटिव्ह, काही सेकंदात दुसरं, इंजिनात जाणारं टोक लाल व्हायला पाहिजे. नाही झालं की तो गेला.

मग दुसरी टेस्ट. गाडी स्लोला चालू ठेवा आणि नोझलवर येणाऱ्या पाइपचा नट एका वेळी एकच, अर्धा आटा ढिला करा. वर जाड फडकं ठेवा, डोळ्याला गॉगल, आणि हात त्या फवाऱ्यासमोर अजिबात नको. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट सडतं, असं झालं तर घरगुती उपाय न करता लगेच हॉस्पिटल. नट ढिला केल्यावर इंजिन पडलं (म्हणजे वेग आणि आवाज खाली आला) तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक नाही पडला तर तोच मेलेला. मग त्याचा नोझल शेजाऱ्याला लावा आणि शेजाऱ्याचा त्याला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. शेजारशेजारच्या दोघांचं कॉम्प्रेशन पडलेलं असेल तर हेड गॅस्केट. हे सगळं करायच्या आधी ४५ हजार कोणाला देऊ नका. आणि वडील काय म्हणतात ते ऐका, वीस वर्षं तो आवाज त्यांनी ऐकलाय.

कुजका पत्रा

रिपिट आणि फायबर नको, हात जोडून सांगतो. दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं आणि तुमच्याकडचा एक पावसाळा झाला की आधीपेक्षा मोठं भोक. स्क्रू-ड्रायव्हरने टोचत जा, जिथे टणक लागेल तिथपर्यंत कापा, मगच नवा पत्रा. भावाला वाईट वाटू देऊ नका पण आर्कने २० गेजचा पत्रा जळतो, ग्रीलची गोष्ट वेगळी. सीओटू वेल्डिंगचं मशीन दोन दिवस भाड्याने आणा, एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मधे गार होऊ द्या, एकसलग ओढलं की पत्रा वाकतो. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडा.

केबिन उचलू नका. दोन्ही बाजूचा मजला एकदम कापू नका, आधी एक बाजू पूर्ण करा. दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाक्याने लावून घ्या, नाहीतर केबिन बसते आणि मग दार लागत नाही, हे मी माझ्या जीपवर भोगलंय. चासीला हातोडीने ठोकत जा, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तिथे खूण करा आणि ते काम घरी करू नका. उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर, नुसता रेडऑक्साइड पाणी पितो. लांबी शेवटी, अगदी पातळ. पीयू रंग मात्र अंगणात मारू नका, त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट आणि तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. रंगाला बूथमध्येच द्या.

जुना टेल्कोवाला

पिंपरीला टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हा धागा वाचून बरं वाटलं बेटा. पार्टची काळजी करू नकोस. याच गाडीच्या पायावर १९९१ ला सिएरा, १९९२ ला इस्टेट आणि १९९४ ला सुमो आली, सुरुवातीच्या सुमोला हेच १९४८ सीसीचं इंजिन. त्यामुळे दुकानात मोबाईल म्हणालीस तर मान हलवतील, जुनी सुमो म्हण. पुण्यात नाना पेठेत आधी बघ, जुना पार्ट नेऊन शेजारी ठेवूनच घे. बॉडीचं काही हवं असेल तर कुर्ल्याला.

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर आणि चारी चाकांचे सिलिंडर खोल, आत बोट फिरव, खड्डे लागले तर नुसती रबर किट टाकू नकोस, अख्खा बदल. लोखंडी पाइप सगळे नवीन. डॉट ३ ऑइलच, इंजिन ऑइलचा एक थेंब जरी गेला तरी रबर फुगतं. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडल्यावर हवा मारू नकोस, पाण्याने ओलं करून पुसून घे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ते बघ. नक्षी कितीही चांगली दिसली तरी तेव्हाचे टायर घेऊन रस्त्यावर जायचं नाही.

आरटीओ_फेऱ्या

एजंटकडे आधी जाऊ नका. आरसी, शेवटची टॅक्सची पावती, फिटनेस आणि ती नॉन-यूजची पोच घेऊन स्वतः ऑफिसला जा आणि टॅक्स किती बाकी दिसतो ते लेखी मागा. दंडाचा आकडा त्यांच्याकडूनच घ्या, स्वतः गुणाकार करून झोप घालवू नका. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं हे पण खर्चात धरा. व्हिंटेजमध्ये बसेल का असं कोणी सुचवेल, तर त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात, तुमची नाही बसणार. हे होईपर्यंत गाडी आपल्या रानातच फिरवा.

ओतूरची

सगळ्यांचे मनापासून आभार. या शनिवारी पानामास्तरांनी सांगितलं तसंच केलं. प्लगमध्ये दोन लाल झाले, दोन गेलेले. नवीन चार टाकले, धूर निम्म्याने कमी.

मग नट. पहिला ढिला केला, गाडी पडली. दुसरा, पडली. तिसरा, पडली. चौथा ढिला केला आणि काहीच झालं नाही, तशीच थडथडत राहिली. मी मान वर करून ओसरीकडे बघितलं तर अण्णा आधीच माझ्याकडे बघत होते. मग तिसऱ्याचा आणि चौथ्याचा नोझल अदलाबदल केला, आता तिसरा मेला आणि चौथा मारायला लागला. म्हणजे तो गॅरेजवरून आलेला वेगळा नोझलच. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "गाडी चालू झाली त्याच दिवशी सांगितलं होतं."

भावाने सीओटूचं मशीन पुढच्या शनिवारसाठी बोलून ठेवलंय, त्याला वाईट वाटलं नाही, उलट शिकायचंय म्हणाला. आरटीओत बुधवारी सुट्टी काढून जातेय.

आता एकच अडलंय. तीन नोझल जुनेच आणि एक नवीन असं टाकलं तर चालेल का, की चारही एकदम बदलून दाब सारखा सेट करून घेऊ? नाना पेठेतला माणूस चारही घ्या म्हणतोय, पंपवाला म्हणतो एक आणा, बाकीचे मी टेस्ट करून देतो. पानामास्तर, तुम्ही काय कराल?