मदत हवी आहे : शोधनिबंध खुला ठेवण्यासाठी विद्यापीठ ग्रंथालयाकडून कोणते साहाय्य मिळते?

नमस्कार. मी नाशिकमधील एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पीएच.डी. करतो. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील लहान द्राक्ष बागायतदारांच्या पीककर्जावरील माझा इंग्रजी शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकाने स्वीकारला आहे. प्रकाशन शुल्क भरल्यास तो सर्वांना खुला राहील. न भरल्यास तो केवळ वर्गणीदारांना वाचता येईल आणि स्वामित्वहक्कही प्रकाशकाकडे जाईल. हे शुल्क माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र ज्यांनी सोसायटीची पासबुके विश्वासाने माझ्यापुढे उघडली, त्या बागायतदारांच्या शिकलेल्या मुलांना तो लेख पैसे मोजल्याशिवाय वाचता येऊ नये, हे मला पटत नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या, संशोधन नियतकालिकांची वर्गणी एकत्रित भरणाऱ्या योजनेसोबत निवडक नियतकालिकांतील प्रकाशन शुल्कासाठी वर्षाला १५० कोटी रुपयांचे साहाय्यही जाहीर झाले होते. परंतु योजनेचा पहिला टप्पा शासकीय संस्थांसाठी आहे. माझे महाविद्यालय खासगी संस्थेचे, तर विद्यापीठ शासकीय. अशा वेळी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे, म्हणजे जयकर ज्ञानस्रोत केंद्राकडे, अर्ज करावा, की महाविद्यालयाच्या ग्रंथपालांमार्फत जावे? शिवाय हाच मजकूर माझ्या प्रबंधातील एक प्रकरण आहे आणि प्रबंध पुढे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात जाणार आहे. प्रकाशकाला हक्क दिल्यानंतर त्यात अडचण येईल का?

प्रतिसाद (महाविद्यालयीन ग्रंथपाल, नाशिक) :

सर, करारावर लगेच स्वाक्षरी करू नका. साहाय्य ठरवताना बहुधा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाची संस्था पाहिली जाते. म्हणून लेखावर विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचे नाव आहे की केवळ महाविद्यालयाचे, हे आधी तपासा आणि मार्गदर्शकांच्या पत्रासह थेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लिहा.

तरीही माझे मत असे, की शुल्काच्या मागे लागण्यापूर्वी विनाशुल्क मार्ग पाहावा. तज्ज्ञ-परीक्षणानंतरची, पण प्रकाशकाने मांडणी करण्यापूर्वीची प्रत संस्थेच्या किंवा अन्य मान्य डिजिटल संग्रहात ठेवण्यास अनेक प्रकाशक परवानगी देतात. सामाजिक शास्त्रांत त्यासाठी अनेकदा १२ ते २४ महिने थांबावे लागते. आपल्या नियतकालिकाचा नियम ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या विनामूल्य संकेतस्थळावर पाहता येईल; पूर्वी तेच काम ‘शेर्पा रोमिओ’ करीत असे. परीक्षणानंतर सुधारून पाठवलेली आपली वर्ड फाइल जपून ठेवा, कारण छापील पीडीएफ संग्रहात टाकण्याची मुभा सहसा नसते.

स्वतःच्या प्रबंधात लेख वापरण्याचा हक्क बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाकडे राहू देतात. मात्र प्रबंध इंटरनेटवर खुला होणार असल्याचे नमूद करून संपादकांची लेखी संमती घ्या आणि तो ईमेल प्रबंधाच्या कागदपत्रांत ठेवा.

बागायतदारांसाठी मराठीत वेगळे टिपण लिहा. लेखाच्या अनुवादाला प्रकाशकाची परवानगी लागू शकते. निष्कर्ष आपल्या शब्दांत नव्याने मांडायला ती लागत नाही, कारण स्वामित्वहक्क शब्दांतील मांडणीवर असतो, तथ्यांवर नव्हे. कराराची प्रत घेऊन ग्रंथालयात आलात, तर आपण त्यातील कलमे एकत्र बसून वाचू.